गोड बोलायची परीक्षा

आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाही, हे आधीच सांगून टाकते. जेवायला बोलवायचं तर आम्ही ‘या गिळायला’ म्हणतो. ऊन असलं तर ते मेलं ऊन, शेळी असली तर ती मेली शेळी, दाराची कडी अडकली तर मेली कडी, आणि जवळचं माणूस असलं तर मग विचारायलाच नको. माझ्या सासऱ्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ‘मेले, पाणी आण’ म्हणायचे. आणि मी बाळंतपणात तापानं फणफणले तेव्हा हेच सासरे उशाशी बसून माझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होते. आमच्याकडं ‘मेले’ म्हणतो तो आपला, आणि ‘अहो, जरा ऐकता का’ म्हणतो तो काहीतरी मागायला आलेला, एवढं आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं.

अशा घरातली धाकटी सून बालवाडीची शिक्षिका व्हायला निघाली. माझी जाऊ ती. मी तिला मास्तरीण म्हणायचे, आधी चिडवायला आणि मग सवयीनं. गावानंही तेच नाव उचललं.

हौस म्हणून नव्हती निघाली. आदल्या वर्षी पाऊस निदान तोंड दाखवून गेला होता, त्या वर्षी तेवढंही केलं नाही त्यानं. विहीर तळाला गेली. गाळ काढला तर झरा मोकळा होईल म्हणून आमचे हे खाली उतरले, दोर सुटला, आणि कमरेत बसले ते कायमचे. चालतात, पण वाकता येत नाही, ओझं उचलता येत नाही. सासऱ्यांनी लावलेली संत्र्याची बाग उभ्या उभ्या वाळली. मग करवतीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझे दीर, असे आम्ही एकेक झाड आडवं करू लागलो. भुशानं डोळे चुरचुरायचे, तळहाताला फोड यायचे, फुटायचे, पुन्हा तिथंच यायचे. भावजी माझ्याकडं बघायचे नाहीत आणि मी त्यांच्याकडं. ज्या झाडाखाली दोघांनीही जेवणं केली त्याला कापताना बोलणार काय.

लाकूड नेत होता वीटभट्टीचा मुकादम. तो ट्रक घेऊन यायचा, लाकूड बघायचा आणि भावजींचे दंडही बघायचा. म्हणाला, या हंगामाला चल. पण भट्टीवर एकटा माणूस घेत नाहीत, नवराबायकोची जोडी लागते. तो चिखल तुडवणार, ती विटा डोक्यावर वाहणार. आणि पोर आणायचं नाही. मागच्या हंगामात कुणाचं तरी पोर चिखलाच्या खड्ड्यात पडून गेलं, तेव्हापासून मालकानं पोरं बंदच केली होती. हंगाम म्हणजे पाऊस पडेपर्यंत, आणि पाऊस कधी पडणार ते आमच्याकडं कोण सांगणार होतं.

धाकटीची मुलगी ठकी तेव्हा तीन वर्षांची होती.

आणि नेमकी त्याच वर्षी गावात बालवाडी मंजूर झाली. शाळेच्या मागं एक खोली बांधली, चुना मारला, कुलूप लावलं. पंचायतीचा कारभारी म्हणाला, बालवाडीचा कोर्स पास झालेली बाई गावातलीच असेल तर तिलाच घेऊ, नाही तर बाहेरची आणावी लागेल. गावात दहावीच्या पुढं गेलेली बाई एकच, आमची धाकटी. भावजींनी मुकादमाला सांगितलं, बायकोची परीक्षा होईपर्यंत थांब. ती पास झाली तर आम्ही येत नाही, नापास झाली तर दोघं येतो. मुकादम हसला. म्हणाला, थांबतो की, परीक्षा काय माझी आहे.

म्हणजे धाकटी पास झाली तर घर एका जागी राहणार होतं, आणि नापास झाली तर ठकी माझ्याजवळ टाकून आईबाप भट्टीवर. हे आम्ही कुणी मोठ्यानं बोललो नाही. पण मी तिच्या वाटची भांडी, झाडलोट, पाणी सगळं अंगावर घेतलं ते काय मला कामाची आवड म्हणून नव्हे.

कोर्स शहरात होता. सकाळी धाकटी बसनं जायची. निम्मा दिवस वर्गात आणि निम्मा दिवस तिथल्याच बालवाडीत मुलांबरोबर. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या मोठ्या बाई म्हणायच्या. बारीक अंगाच्या, हळू आवाजाच्या. पहिल्याच आठवड्यात एक पोरगं धाकटीच्या मांडीवरून उठून म्हणालं, या बाईंना शेळीचा वास येतो. शिकायला आलेल्या बाकीच्या मुली तोंडावर हात धरून हसल्या. धाकटी घरी येऊन साबणानं कोपरापर्यंत हात घासत बसली. दुसऱ्या दिवसापासून शेळीची धार मी काढायला लागले. मला कुठं कुणाच्या मांडीवर बसायचं होतं.

पण वास धुऊन जातो. बोलणं कसं जाणार. मोठ्या बाईंचा पहिला नियम, मुलाच्या उंचीला येऊन बसायचं. दुसरा, नको म्हणायचं नाही, काय करायचं ते सांगायचं. आणि तिसरा, शब्द सांभाळायचे. एक पोरगं खिडकीवर चढलं आणि धाकटी ओरडली, उतर मेल्या, पडशील. पोरगं उतरलं, पण मोठ्या बाईंनी हिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि ते वाक्य नीट म्हणायला लावलं. ‘बाळा, आपण खाली उतरूया का?’ हिचं ‘बाळा’ काही केल्या मऊ निघेना. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा, असं चाललं. त्या दिवसापासून मुली हिला मेलीबाई म्हणायला लागल्या.

घरी येऊन आमच्यावर सराव सुरू झाला. जेवायला बसलं की धाकटी म्हणायची, आपण सगळे आता जेवूया का? आमचे हे इकडंतिकडं बघायचे, कुणी पाहुणा आलाय का म्हणून. भावजींना ती मूल करायची. ते आडदांड माणूस जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि मुद्दाम हट्ट करायचे, पाण्याचा तांब्या लवंडायचे. ही त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून डोळ्यांत बघून म्हणायची, बाळा, पाणी सांडलं, आपण पुसूया. भावजी म्हणायचे, तूच पूस, मी बाळ आहे. त्यांच्या एका फाटक्या मोज्याला डोळे शिवून तिनं बाहुलं केलं होतं. तो मोजा बोलायला लागला की माझंसुद्धा हसू थांबत नसे. त्या वर्षात आम्ही हसलो असू ते तेवढंच.

ठकी मात्र हसली नाही. एकदा तिनं दुधाची वाटी उलटी केली. एरवी धाकटीनं पाठीत धपाटा घालून ‘मेले, आता काय माझं रक्त पितेस’ म्हटलं असतं आणि लगेच उचलून घेतलं असतं. त्या दिवशी ती खाली बसली आणि अगदी मोठ्या बाईंच्या आवाजात म्हणाली, बाळा, आपण वाटी सरळ ठेवूया का? ठकीचा खालचा ओठ बाहेर आला. पळत येऊन माझ्या पायांना बिलगली. म्हणाली, काकू, आई माझ्यावर रुसली. धाकटी तशीच गुडघ्यावर बसून राहिली. मी तिला म्हटलं, अगं, परीक्षा होईपर्यंत घरात तरी माणसासारखं बोल. ती म्हणाली, घरात एक बोलले आणि तिथं एक, तर तिथं तोंडातून जाईल ताई. तिचंही खरं होतं.

शहरातल्या त्या बालवाडीत एक मुलगी होती. आजी तिला आणून सोडायची. मुलीची आई तापानं गेली होती आणि त्या दिवसापासून मुलगी एक शब्द बोलली नव्हती. ऐकू यायचं, समजायचं, पण तोंड बंद. मुलं तिला मुकी म्हणायची. दुपारच्या सुमाराला ती बसल्या जागी कपडे ओले करायची आणि ओल्यातच बसून राहायची. बाकीच्या शिकणाऱ्या मुली नाक मुरडायच्या, तेव्हा ते काम आपोआप धाकटीकडं आलं. परीक्षेसाठी प्रत्येकीला एक मूल नेमून द्यायचं होतं, त्याच्याबरोबर महिनोन्महिने काय केलं आणि मूल किती पुढं आलं ते दाखवायचं. मोठ्या बाईंनी हिला मुकीच दिली. मुद्दाम दिली का विश्वासानं दिली, देव जाणे.

धाकटीनं काय नाही केलं. चित्रं दाखवली, गाणी म्हटली, मोज्याचं बाहुलं नाचवलं. मुकी नुसती बघायची. घरी आली की धाकटी कपाळाला हात लावून बसायची. हिच्यापायी मी नापास होणार म्हणायची, आणि लगेच म्हणायची, तसं नको म्हणायला, तिचा काय दोष.

मग एक दिवस तिनं मला सांगितलं. बालवाडीच्या परसदारी नळ होता, तिथं मुकीला धुवायला नेलं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. पाणी गार होतं, पोरगी काकडली, आणि धाकटीच्या तोंडून आपसूक गेलं, ‘मेले, किती गं भिजलीस.’ असं म्हणून तिनं पोरीच्या गालावर हात ठेवला. आणि मुकी हसली. दात दिसतील अशी हसली. धाकटी म्हणाली, ताई, मी दुसऱ्या दिवशी चांगलं बोलून बघितलं, तर चेहरा पुन्हा दगड. तिसऱ्या दिवशी मेले म्हटलं, तर हसली. मी काय करू?

मी म्हटलं, काय करू काय, नळावर मेले म्हण आणि वर्गात बाळा म्हण. पोरीला माया कळते. तुझ्या मोठ्या बाईंना नळावर कोण बोलावतंय.

तसं ती करत गेली. मुकी तिच्या मागंमागं फिरायला लागली, हात धरायला लागली, दुपारच्या आत स्वतःहून नळाकडं ओढायला लागली. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर धाकटीचं कौतुक केलं. मेलीबाई म्हणणाऱ्या मुलींची तोंडं बंद झाली. घरी ती आता ताठ मानेनं यायची. भावजींनी बालवाडीच्या नव्या खोलीवरून जाताना एकदा कुलूप हलवून बघितलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

परीक्षेला धाकटीनं मातीकाम निवडलं होतं. मुलांनी मातीचं काहीबाही करायचं आणि तिनं ते करवून घ्यायचं. आता त्या दुष्काळात ओली चिकणमाती कुठं मिळायची? आमच्या विहिरीच्या तळाला तेवढी उरली होती. ज्या गाळानं माझ्या नवऱ्याची कंबर घेतली तोच गाळ भावजी दोर बांधून उतरले आणि पाटीभर काढून घेऊन आले. धाकटी चित्रं आणि बाहुली घेऊन बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, चिखल आत येणार नाही. मी तिला म्हटलं, तू जा पुढं. आणि पाटी डोक्यावर घेऊन चालत निघाले. ऊन असं की रस्त्यावर पाय ठरेना. माती सुकू नये म्हणून वर ओलं पोतं, आणि पोत्याचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत. शहरातली माणसं माझ्याकडं वळून बघत होती. बघू देत, म्हटलं. उद्या माझी जाऊ बालवाडीची बाई होणार आहे.

परीक्षा घ्यायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. वयस्कर, चष्मा, पांढरे स्वच्छ कपडे. उर्मट वगैरे काही नव्हत्या, उलट मला बघून म्हणाल्या, यांना पाणी द्या. मी परसदारी नळाजवळ बसून माती मळत राहिले. दार उघडं होतं, आतलं सगळं दिसत होतं.

धाकटी अशी काही छान बोलत होती की मीच चाट पडले. ‘बाळा’ आता लोण्यासारखं निघत होतं. मुलं गोल बसली होती, कुणी साप करत होतं, कुणी चूल, कुणी नुसतंच थापटत होतं. भांडण झालं तिथं ती बरोबर त्या उंचीला जाऊन बसत होती. परीक्षक बाई हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवत होत्या. मी मनातल्या मनात मुकादमाला रिकाम्या ट्रकातून परतसुद्धा पाठवून दिलं.

मग परीक्षक बाई स्वतःच खाली बसल्या, मुकीसमोर. हीच ना तुम्हाला नेमून दिलेली मुलगी, असं धाकटीला विचारलं. मातीचा गोळा हातात घेतला आणि मुकीला म्हणाल्या, आपण चिमणी करूया का? मुकी बघत राहिली. बाईंनी गोळा मांडीवर ठेवून दाबला. माझी माती जरा सैलच झाली होती. पाणी सुटलं आणि पांढऱ्या कपड्यांवर मांडीभर डाग पसरला. मुलं खुदखुदली. बाई स्वतःही हसल्या.

मुकी उठली. बाईंच्या मांडीवरच्या ओल्याकडं तिनं बघितलं. मग आपला मातीचा हात बाईंच्या गालावर ठेवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, “मेले, किती गं भिजलीस.”

आई गेल्यापासूनचं तिचं पहिलं बोलणं ते. आवाज किती गोड होता म्हणून सांगू. मोठ्या बाईंच्या हातातली बाहुली खाली पडली.

परीक्षक बाईंनी तिचा हात गालावरून हळूच काढला. उभ्या राहिल्या. “हे हिला कुणी शिकवलं?”

शिकणाऱ्या मुली एकमेकींकडं बघत होत्या. धाकटी म्हणाली, “मी.”

आता मला गप्प बसवेना. मी चिखलाच्या हातांनी तशीच आत गेले. जायला नको होतं असं सगळे म्हणतात, धाकटी सोडून. पण मी अजूनही म्हणते, कुणीतरी सांगायला हवंच होतं. मी म्हटलं, “बाई, शिवी नाही ती. तुम्ही आवडलात म्हणून म्हणाली पोर. आमच्याकडं सगळे असंच म्हणतात. माझे सासरे मला तेच म्हणायचे.”

“तुम्ही कोण?”

“हिची जाऊ. माती घेऊन आलेय.”

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते. त्यांनी एवढंच विचारलं, “या मुलीची आई कुठं असते?”

“आई मेली हिची,” मी म्हटलं.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. जन्मभर हजार वेळा तोंडातून गेलेला शब्द, पण त्याच्या पोटात काय आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं. सासऱ्यांनी नाही, धाकटीनं नाही, कुणीच नाही.

परीक्षक बाई म्हणाल्या, “आणि हिला तुम्ही रोज तेच म्हणत होता.”

पोर त्या शब्दाला हसत होती हेही खरं, आणि बाई म्हणत होत्या तेही खरं. मुकी एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. आपण काहीतरी वाईट केलं एवढं तिला कळलं. हात पाठीमागं घेतला आणि उभ्या उभ्या कपडे ओले केले. पाणी मातीत मिसळून चटईवर पसरलं. कुणी हललं नाही. शेवटी धाकटीनंच तिला उचललं, नळावर नेलं, धुतलं, पुसलं, दुसरे कपडे घातले. पण एक अक्षर बोलली नाही. पोर तिच्या तोंडाकडं बघत वाट बघत होती, आणि धाकटी खाली मान घालून बटणं लावत होती.

नंतर मोठ्या बाई आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांचे डोळे ओले होते. म्हणाल्या, मी खूप सांगितलं, मूल बोललं हे बघा म्हटलं, पण शब्द सांभाळण्यातच त्यांनी नापास केलं तर पुढं कसं जाणार. पुढच्या वर्षी पुन्हा बसा. पुढच्या वर्षी. जणू वर्ष आमच्या कनवटीला बांधलेलं होतं.

येताना पाटी रिकामी होती, तरी बसमध्ये चढायचं आम्हाला दोघींनाही सुचलं नाही. चालत आलो. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, माझंच चुकलं म्हण हवं तर. ती म्हणाली, नाही ताई, तिला ते गोड लागत होतं म्हणून मी देत राहिले.

भावजी दारात उभे होते. हिचा चेहरा बघून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आत गेले आणि फावड्याचा दांडा घट्ट बसवायला लागले. आमचे हे भिंतीला पाठ लावून बसले होते, ते एकदम म्हणाले, मी गेलो असतो रे तुझ्या जागी. भावजी म्हणाले, तू आधी स्वतःची चप्पल स्वतः घाल. हसवण्यासाठी म्हणाले होते, पण कुणी हसलं नाही.

नवी बालवाडी उघडली. बाहेरगावची एक बाई यायला लागली, चांगली होती, मुलांना बाळा म्हणायची. खोलीवरून जायला लागू नये म्हणून धाकटी पाण्याला लांबच्या वाटेनं जायची. बायका विचारायच्या, काय मास्तरीणबाई, कधीपासून कामावर? कुचकेपणानं नाही, खरंच ठाऊक नसायचं काहींना. ती म्हणायची, भट्टीवर लावतेय शाळा.

त्या दिवसांत घर कसं गप्प झालं म्हणून सांगू. कुणी कुणाला मेलं म्हणेना. शब्द ओठापर्यंत यायचा आणि आम्ही तो गिळायचो. दुसरा शब्द तर आमच्याकडं कधी नव्हताच. शेळीलासुद्धा मी नुसती दोरी ओढून न्यायला लागले. ठकीला धाकटी जवळ घ्यायची, वेणी घालायची, भरवायची, पण मुकाट्यानं. पोर हिच्या हनुवटीला धरून तोंड आपल्याकडं वळवायची आणि बघत राहायची.

मुकादम ठरल्याप्रमाणं आला. ट्रकात आमच्या बागेचं शेवटचं लाकूड भरलं, वर दोन गाठोडी टाकली, पातेलं टाकलं. दोघांनी त्या लाकडावरच बसून जायचं होतं. मी ठकीला उचलून परसात न्यायला निघाले. आमच्याकडं आईला कुठं जायचं असलं की पोराला मागच्या दारी नेतात, चिमण्या दाखवतात, तोवर आई निघून जाते. पण धाकटीनं माझा हात धरला. म्हणाली, फसवून नाही जायचं ताई. बालवाडीच्या दारात मी इतक्या आयांना हेच सांगितलंय. मुलाला सांगून जायचं. कुठं जातेय, कधी येणार, त्याला कळेल असं सांगायचं. खेळून झालं की, जेवून झालं की, झोपून उठलं की आई येईल, असं. म्हणजे मूल वाट बघतं, पण घाबरत नाही.

ती ठकीसमोर गुडघ्यावर बसली. अगदी तिच्या उंचीला. डोळ्यांत बघितलं. “मी आणि बाबा कामाला चाललोय. लांब. तू काकूजवळ राहायचं.”

ठकीनं विचारलं, “कधी येणार?”

धाकटीनं ट्रककडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. तिथं ढगाचा ठिपका नव्हता. तिला शिकवलेल्या सगळ्या उत्तरांत एवढं लांबचं उत्तर नव्हतं. मुकादमानं हॉर्न वाजवला.

ठकीच म्हणाली, “झोपून उठले की?”

“हो,” धाकटी म्हणाली.

मग ती उठली आणि मागं न बघता चढली. भावजींनी तिला वर ओढून घेतलं. तोंड भट्टीच्या दिशेला करून दोघं बसले. ट्रक धूळ उडवत वळणाआड गेला. आमचे हे दारात उभे राहून एकटेच हात हलवत होते.

ठकी रडली नाही. मी तिला कडेवर घ्यायला गेले तर हात सोडवून घेतला, घरात गेली आणि अंथरुणावर आडवी झाली. डोळे घट्ट मिटले. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. जरा वेळानं उठली, दारात आली, रस्त्याकडं बघितलं. “उठले,” म्हणाली. कुणी नव्हतं. पुन्हा आत गेली, पुन्हा आडवी झाली. पुन्हा उठून दारात आली. मी जेवायला बोलावलं, आली नाही. शेळी सोडायची आहे चल म्हटलं, आली नाही. दिवसभर ती झोपत होती आणि उठत होती.

दिवस कलायला आला तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. केस घामानं कपाळाला चिकटले होते. डोळे न उघडता ती म्हणाली, “काकू, तू पण झोप. तू जागी आहेस म्हणून येत नाही ती.”

मी तिच्याशेजारी आडवी झाले आणि डोळे मिटले.